सुकलालच्या घराचा वरचा मजला

मला सरळ रेघ मारता येत नाही, ही गोष्ट नोकरीची एकोणीस वर्षं मी व्यवस्थित लपवून ठेवली होती. एका परिपत्रकाने ती चव्हाट्यावर आणली.

मी मराठी शाळेत चौथीचा वर्गशिक्षक. बन्सीलाल वाणी. गणितात माझा हात धरणारा सुरतेच्या लिंबायतमध्ये दुसरा कुणी नाही, असं निदान मी तरी मानत होतो. पण गणितात रेघ पट्टीने मारतात. शहाण्णवच्या जुलैमध्ये आमचे चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवीन माणूस देण्याऐवजी वरच्या कचेरीने कागद दिला. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाला चित्रकला स्वतः शिकवावी. ती येत नसल्यास दहा दिवसांत शिकून घ्यावी. विषय, परिसर रेखाटन. म्हणजे रस्त्यावर बसायचं आणि समोर जे दिसतं ते कागदावर उतरवायचं. अशी आठ चित्रं देणाऱ्यालाच प्रमाणपत्र. न देणाऱ्याच्या सेवापुस्तकात शेरा.

इथपर्यंत ठीक होतं. खरा घात केला तो कलम पाचने. आधीच्या तुकडीत सतरा शिक्षकांनी एकच चित्र दिलं होतं म्हणे: बर्फाचा डोंगर, लाकडी घर आणि पाण्यात दोन हंस. सगळ्यांच्या घरी एकाच साडीवाल्याचं कॅलेंडर. सुरतेत बर्फ कुठे पडतो, असा प्रश्न साहेबांनाही पडला आणि त्यांनी कलम घातलं: ‘चित्र प्रत्यक्ष जागेवर काढल्याबद्दल तेथील एका प्रौढ रहिवाशाची सही घ्यावी, व त्यावर मुख्याध्यापकांनी खात्री करून शिक्का मारावा.’

मी हे घरी वाचून दाखवलं, तेव्हा आमची कुसुम तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “अहो, तुम्ही माझ्या रांगोळीचे ठिपके मोजताना पुसता. तुम्ही काय चित्र काढणार?”

बायकोच्या बोलण्यातलं तथ्य आणि तिचा बोलण्याचा सूर या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात, असं माझं मत आहे. मी नुसतं “बघशील” म्हणालो आणि वही-पेन्सिल आणायला बाहेर पडलो.

प्रशिक्षणाला रतिलालभाई नावाचे एक वयस्कर सुरती गृहस्थ होते. उभी हयात साड्यांच्या छापाची डिझाइनं काढण्यात गेलेली. बोलणं गोड आणि मारणं शब्दानेच. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं, “मास्तर, रबर घेर मूकी आवजो.” खोडरबर घरी ठेवा. चुकलेली रेघ तशीच राहू द्या, शेजारी दुसरी मारा. मग आधी मोठे आकार काढा, खिडक्या-दारं नंतर. सगळ्या आडव्या रेघा लांबवर एका ठिपक्यात जाऊन मिळतात, तो ठिपका डोळ्यांच्या उंचीवर असतो. आणि माप घ्यायचं ते असं: हात ताठ समोर, पेन्सिल उभी, एक डोळा बंद, अंगठा वर-खाली सरकवायचा.

वर्गात हे सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुख्य रस्त्याच्या कडेला, विठ्ठलच्या पिठाच्या गिरणीसमोर स्टूल टाकून बसलो. हात ताठ केला, एक डोळा मिटला, अंगठा वर केला आणि माझ्यासमोर रिक्षा येऊन उभी राहिली.

“बोलो सेठ, स्टेशन?”

“नाही, नाही. मी गिरणी मोजतोय.”

तो चमत्कारिक नजरेने बघत गेला. पुन्हा हात ताठ, पुन्हा अंगठा, पुन्हा रिक्षा. दुसऱ्यालाही पाठवलं. तिसरा मात्र खाली उतरला. “तीन बार हाथ दिखाया, यू-टर्न मारके आया, अब बोलते हो नहीं जाना?” म्हणून आवाज चढवला. चार माणसं जमली. त्यांतला एकजण म्हणाला, “अरे, गुरुजी आहेत, गुरुजी!” त्यामुळे प्रकरण मिटायच्या ऐवजी वाढलंच. गुरुजी असून असं करतात! शेवटी लोकांसमोर शोभा नको म्हणून मी स्टूल-वहीसकट रिक्षात बसलो आणि विनाकारण उधना दरवाजापर्यंत जाऊन आलो. वाटेत ड्रायव्हरने विचारलं, काय काम करता. मी सांगितलं, शिक्षण घेतो.

तिसऱ्या दिवशी मी आमच्याच गल्लीत बसलो. तिथे रिक्षा शिरत नाही. पण तिथे वेगळीच अडचण. आमच्यासारख्या सरकारी मास्तरच्या हातात कागद दिसला की लोकांना वाटतं, मोजणी आली. जनगणना आम्ही करतो, मतदार यादी आम्ही करतो, पोलिओचे थेंब आम्ही पाजतो. मी पेन्सिलीला टोक काढेपर्यंत पाच बायका रेशनकार्ड घेऊन समोर हजर. एकीने तर विचारायच्या आत सांगून टाकलं, “मोठे चार, लहान तीन, सासू गावाला गेलीय, पण तिचं नाव कापू नका.” मी नाव लिहून घेतलं. नाही म्हणवलं नाही.

मी चित्र काढतोय हे कळल्यावर रेशनकार्डं गेली आणि सल्ले आले. कुणी म्हणालं, मागे डोंगर काढा, डोंगराशिवाय चित्राला भरल्यासारखं वाटत नाही. कुणी म्हणालं, विजेच्या तारा कशाला काढता, तेवढं आभाळ झाडलेल्या अंगणासारखं स्वच्छ ठेवा की. एका म्हातारबाबांनी मागच्या खाडीकडे बोट दाखवून बजावलं, “ती काढू नका गुरुजी. वास येईल.”

चित्रं कशीबशी होत होती. सही मिळणं कठीण होतं. माझ्या कागदाच्या खाली नाव लिहिणारा प्रत्येक माणूस, वर काय काढलंय याची चौकशी करूनच लिहायचा. विठ्ठलने गिरणीच्या चित्रावर सही द्यायला दोन दिवस घेतले. पाटीवर त्याच्या भावाचंही नाव होतं आणि दोघांचं बोलणं बंद होतं. मी भावाच्या नावावर कबुतर काढलं, तेव्हा त्याने सही केली. देवळाच्या चित्रावर विश्वस्तांनी कळस आणखी एक बोट उंच करून घेतला. मी मनाला समजावलं की हे सगळं किरकोळ आहे. कबुतर कधीतरी बसतच असेल.

आठवं चित्र सुकलालच्या घराचं.

सुकलाल बडगुजर आमच्या समोरच राहतो. लूमच्या कारखान्यात मास्टर आहे, म्हणजे मशीन अडलं की लोक त्याला हाका मारतात. घर खाली दोन खोल्यांचं, वर पत्रा आणि पत्र्याच्या वर चार कोपऱ्यांतून हातभर लोखंडी सळया निघालेल्या. ‘पुढेमागे मजला चढवू’ म्हणून त्या ठेवलेल्या. आमच्या भागात निम्म्या घरांना अशा सळया आहेत. काहींना तर पंधरा पंधरा वर्षं आहेत. त्यांच्यावर कपडे वाळतात.

मी आमच्या ओट्यावर बसून मन लावून चित्र काढलं. संध्याकाळी सुकलालपुढे धरलं. त्याने ते जवळ धरलं, लांब धरलं, बायकोला दाखवलं. शोभाबाई म्हणाल्या, “हाई आमनं घर शे का बकरीनं खोपडं?”

“गुरुजी,” सुकलाल म्हणाला, “सळया काढल्यात. मग मजला का नाही काढला?”

“मजला आहे कुठे?”

“येणार आहे ना. दिवाळीनंतर.”

“सुकलालभाऊ, जे समोर आहे तेच काढायचा नियम आहे.”

“देवळाचा कळस वाढवलात, तो समोर होता?”

उद्या शेवटची तारीख होती आणि समोर सही करणारा दुसरा प्रौढ रहिवासी नव्हता, कारण बाजूचं कुटुंब गावाला गेलेलं. मी बराच वेळ गप्प बसलो. तत्त्वाचा माणूस असा गप्प बसला की लोक समजतात तो विचार करतोय. खरं म्हणजे तो हरलेला असतो.

“खोटं नाही हो गुरुजी,” सुकलाल मऊ आवाजात म्हणाला, “जरा लवकर काढलं, इतकंच.”

मी मजला काढला. मग शोभाबाईंनी गॅलरी मागितली. गॅलरीला जाळी. जाळीमागे तुळस. वर पाण्याची काळी टाकी. माझा हात त्या दिवशी काय सुटला होता! खालचं घर बघून काढताना तासभर घाम फुटला होता, पण जे नव्हतंच ते काढताना एक रेघ वाकडी गेली नाही. सुकलालने ऐटीत सही केली. सकाळी मुख्याध्यापकांनी आठही कागदांवर न बघता गोल शिक्का मारला आणि वर लिहिलं: ‘प्रत्यक्ष पाहून खात्री केली.’

रतिलालभाईंनी सात चित्रं मुकाट्याने उलटली. आठव्यावर थांबले. “उपरनो माळ सरस छे, मास्तर,” म्हणाले. “नीचेनुं घर धरतीकंपमां आवेलुं लागे छे.” म्हणजे वरचा मजला छान, खालचं घर भूकंपात सापडल्यासारखं.

प्रमाणपत्र मिळालं. चित्रं परत आली. सुकलाल एक दिवस आला आणि आठवं चित्र झेरॉक्स काढायला घेऊन गेला. घरात लावतो म्हणाला. कलावंताला आणखी काय हवं? मी मूळ कागद नीट सांभाळून आणायला सांगितला आणि कुसुमकडे असं बघितलं की तिने दुसरीकडे बघितलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. मी फळ्यावर भागाकार मांडत होतो, तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक उंच, वाळलेला म्हातारा बसला होता. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी आणि हातात माझ्या चित्राची झेरॉक्स.

“वाणी,” मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचा आवाज फार शांत होता, ते चांगलं लक्षण नसतं. “हे पांडुरंग मिस्तरी, दोंडाईच्याहून आलेत. यांच्या मुलासाठी तुमच्या गल्लीतली मुलगी सांगून आलीय. माहितीपत्रासोबत घराचं हे चित्र आलंय. कुणाला नाव न विचारता, नुसत्या चित्रावरून सकाळपासून हे घर शोधताहेत, सापडत नाही. आता शिक्का वाचून माझ्याकडे आलेत आणि विचारताहेत, मी प्रत्यक्ष पाहून खात्री केलेला हा मजला कुठे आहे.”

सुकलालची नूतन! चौथीला माझ्याच वर्गात होती. बारावी झाली होती, घरी बसून साड्यांवर टिकल्या लावायची आणि त्यातून टायपिंगच्या परीक्षेची फी भरायची. हुशार मुलगी. तिचं जमत आलेलं लग्न माझ्या गॅलरीवरून मोडणार होतं.

“घर मी दाखवतो,” मी म्हणालो. “जवळच आहे.”

शाळेपासून गल्ली दहा मिनिटांवर. ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. खरं सांगावं तर सुकलाल खोटा पडतो, मुलीचं नाव जातं, सगळ्या दोंडाईच्यात गवगवा होतो. खोटं सांगावं तर किती वेळ टिकणार, मजला काही खिशात घालून नेता येत नाही. शेवटी मी माझ्याजवळ जे होतं ते वापरायचं ठरवलं. माझ्याजवळ होतं माझं अडाणीपण.

“आबा,” मी म्हणालो, “त्या चित्रात एक चूक आहे. चूक सर्वस्वी माझी. मी नवशिका. लांबच्या आणि जवळच्या वस्तूंचं गणित मला जमत नाही. त्यामुळे काय झालं, मागच्या गल्लीतल्या घराचा मजला पुढे येऊन यांच्या घरावर बसला.”

एकोणीस वर्षांच्या नोकरीत इतका कमीपणा मी स्वतःहून कधी घेतला नव्हता. म्हातारा ‘हं’ म्हणाला आणि चालत राहिला.

आम्ही पोचलो. सुकलाल पाळीवरून येऊन झोपला होता, तो बनियनवर बाहेर आला आणि माझ्यामागे दोंडाईचा पाहून उंबऱ्यातच थिजला. पाहुणे रविवारी यायचे होते. शोभाबाई पदर सावरत म्हणाल्या, “या, बठा ना आबा. मी च्या ठेवस.” ओट्यावर नूतन साडी पसरून बसली होती. म्हातारा बसला नाही. तो घराच्या बाजूने चालत मागे गेला आणि परत आला.

“गुरुजी,” तो म्हणाला, “मांगे ते खाडी शे.”

मी खाडीकडे बघितलं. मी गल्लीत राहायला आल्यापासून बारा वर्षं ती तिथेच होती. मला आठवली नव्हती, एवढंच.

“काय आहे ते?” नूतन उठली आणि तिने म्हाताऱ्याच्या हातातली झेरॉक्स बघायला मागितली. ती बघताना तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. बहुधा तिला ओळख पटली. मग खाली नाव, शिक्का बघितला आणि हसू गेलं.

“बाबा, हे तुम्ही यांना पाठवलंत?”

सुकलाल पायाच्या बोटांकडे बघत होता. “अगं, दिवाळीनंतर चढवणारच होतो...”

“आपल्याकडे मजला नाही,” ती म्हाताऱ्याकडे वळून म्हणाली. “कधी नव्हता. पावसाळ्यात पत्रा गळतो, आम्ही तीन ठिकाणी बादल्या ठेवतो. मला हे ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर पाठवू दिलं नसतं. तुम्ही एवढ्या लांबून आलात. चहा घेऊन जा. पण नाही म्हणायचं असेल तर आताच म्हणा, रविवारी माणसं गोळा करून म्हणू नका.”

सगळी गल्ली दारात उभी होती. सल्ला देणारं एकही तोंड उघडलं नाही. त्या गल्लीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं असावं.

म्हातारा ओट्यावर टेकला. टोपी काढून मांडीवर ठेवली. “पोरी,” तो म्हणाला, “मी चाळीस वर्षं घरं बांधली. हा कागद आला तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मजला शे, गॅलरी शे, पन जिना नही. मानसं वर जातस कशा?”

मी झेरॉक्सकडे बघितलं. खरंच, जिना नव्हता. आत नाही, बाहेर नाही, कुठेच नाही. रतिलालभाईंच्या, साहेबांच्या आणि शिक्क्याच्या नजरेतूनही तो सुटला होता.

“पोरगा म्हणाला, बाबा, नाही म्हणून कळवून टाका. मी म्हटलं, थांब. जिन्याशिवाय मजला बांधणारी माणसं आहेत तरी कशी, ते बघून येतो. म्हणून न कळवता आलो.” मग तो सुकलालकडे वळला आणि एकदम कामाचं बोलू लागला. “या खांबांवर मजला चढवू नका, बरं का. खांब नऊ इंची, सळया गंजल्यात. चढवला असता तर पहिल्याच वर्षी खाली आला असता. आधी खांब बघावे लागतील.”

सुकलाल ‘हो’ म्हणाला. ते इतक्या हळू आवाजात की मला त्याची दया आली. मुलीचं चांगलं व्हावं म्हणून त्याने ते केलं होतं आणि आता मुलीच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

चहा आला. म्हाताऱ्याने तो बशीत ओतून संपवला. मग माझ्या खिशातली पेन्सिल मागितली, गुडघ्यावर झेरॉक्स ठेवली आणि उजव्या बाजूला खालून वर बारा पायऱ्यांचा जिना काढला. पट्टी नाही, काही नाही. पायऱ्या अशा सरळ की पाय ठेवावा. समोरच्या दारातून कुसुम सगळं बघत होती. तिने मला ऐकू जाईल इतपतच आवाजात म्हटलं, “त्यांना विचारा, शिकवणी घेतात का.”

जाताना तो नूतनला म्हणाला, “रविवारी पोराला घेऊन येतो. तू बघ. तुला वाटलं तर दोंडाईच्याला येऊन आमचं घर बघ. आमचाही एका बाजूचा पत्रा गळतो, आधीच सांगतो. मग सांग, हो का नाही.” आणि झेरॉक्स घडी करून पिशवीत ठेवली. ती परत द्या म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

नूतनने मुलगा बघितला, घरही बघितलं, वर टायपिंगची परीक्षा लग्नाआधी देणार असं सांगितलं आणि ती दिलीही. वैशाखात लग्न झालं. पण ते सगळं पुढचं. म्हातारा गेला त्या संध्याकाळी नूतन आमच्या घरी आली. मी पलंगावर पडून छताकडे बघत होतो. मी उठून बसलो.

“गुरुजी, तुम्ही का काढलंत?”

खूप उत्तरं होती. कलम पाच होतं, शेवटची तारीख होती, सही होती. तिच्यासमोर ती एकेक करून बारीक होत गेली.

“चुकलो,” मी म्हणालो.

“चौथीत मी गृहपाठ केला नव्हता आणि वही हरवली म्हणून सांगितलं होतं. तुम्ही मला तासभर बाकावर उभं केलं होतंत.”

“आठवतं.” खरं म्हणजे आठवत नव्हतं. इतक्यांना उभं केलं होतं. “मग काय, मी उभा राहू?”

मी हे विनोदाने म्हणालो होतो. ती हसली नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि ती वाट बघत होती. तिच्या बापावर तिला रागावता येत नव्हतं, त्याचं तोंड बघवत नव्हतं. तो राग कुठेतरी ठेवायला हवा होता.

मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, भिंतीला हात धरला आणि वर चढून उभा राहिलो. चव्वेचाळीस वर्षांचा, सेवापुस्तकात एकही शेरा नसलेला माणूस. हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून घडी घातली. नूतन खाली बसून बघत होती. हळूहळू तिच्या ओठांचे कोपरे हसायला लागले.

तेवढ्यात कुसुम चहा घेऊन आली. तिने वर बघितलं, नूतनकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं.

“जाळी काढताय का?” ती म्हणाली. “मग त्या पंख्याजवळचीही काढा.”